तुटलेली शिरोरेषा

रात्रीचा सव्वा वाजलाय. कोथरूडच्या या खोलीत पंखा, लॅपटॉप आणि तुम्ही एवढेच जागे आहात. पडद्यावर तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाचं पान उघडं आहे. कार्यवाहांनी सकाळी एका परदेशी साइटची लिंक पाठवली होती. ‘असं काहीतरी करा, आजकालचं,’ असं त्यांनी खाली लिहिलं होतं. तुम्ही मनापासून केलंत. वर भलंमोठं चित्र, खाली बारीक करडी अक्षरं, आणि मेन्यूत अक्षराअक्षरांमध्ये ऐसपैस मोकळी जागा. मूळ साइटवर ती जागा देखणी दिसत होती. इथे मात्र ‘वाचनालय’ या शब्दाची शिरोरेषा चार ठिकाणी तुटली आहे. दोरा तुटून मणी विखुरल्यासारखा तो शब्द दिसतो.

तुम्ही अक्षरांचा आकार बदलून पाहता, रंग बदलून पाहता. काहीतरी चुकतंय एवढं कळतं, पण कुठे ते सापडत नाही. कंटाळून ब्राउझरमधला मागे जाण्याचा बाण दाबता. मागचं पान येतं. पुन्हा दाबता. त्याच्या मागचं येतं. बाण काही संपत नाही. पंख्याचा आवाज विरत जातो आणि खोलीत गारठा शिरतो.

जिनिव्हा, डिसेंबर १९९०

तुम्ही सर्न प्रयोगशाळेतल्या एका कचेरीत उभे आहात. टेबलावर नेक्स्ट कंपनीचा काळा संगणक आहे. त्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, असं त्यावर लाल शाईत हाताने लिहिलंय. या घडीला जगातली सगळी वेब या एका डब्यात आहे. कुणी चुकून बटण दाबलं, तर ती तेवढ्यापुरती विझेल.

खुर्चीत पस्तिशीचा टिम बर्नर्स-ली बसला आहे. त्याची अडचण तुम्ही पुस्तकात वाचली होती, इथे ती डोळ्यांना दिसते. देशोदेशीचे शास्त्रज्ञ इथे येतात, प्रत्येकाचा संगणक वेगळा, आणि एकाची फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर परकी. त्याला असं पान हवंय, जे कुठल्याही यंत्रावर उघडेल.

ते पान समोर आहे. पडदा करड्या छटांचा. पानावर एक मथळा, थोडा मजकूर, काही लिंक. चित्र एकही नाही. तुम्ही वाकून पानाच्या आतल्या खुणा वाचता. मथळ्याला ‘हा मथळा आहे’ एवढीच खूण आहे. तो केवढा असावा, कोणत्या अक्षरांत असावा, डावीकडे की मधोमध, यावर एक शब्दही नाही. ते ज्याच्या त्याच्या यंत्राने ठरवायचं. तुमचे हात शिवशिवतात. निदान समास तरी सोडावा, असं वाटतं.

पण जरा थांबा. निकोला पेलो ही गणिताची विद्यार्थिनी इथे दुसरा ब्राउझर तयार करते आहे. तो साध्यात साध्या टर्मिनलवर चालतो. माऊस लागत नाही, खिडक्या लागत नाहीत. लिंकपुढे कंसात आकडा येतो. आकडा टंकायचा, एंटर दाबायचं, की पुढचं पान ओळीमागून ओळ उमटतं. नेक्स्टच्या महागड्या पडद्यावर उघडणारं पान या गरीब टर्मिनलवरही उघडतं. रूप पार वेगळं, शब्द मात्र जसेच्या तसे. मथळ्याबद्दल काही न सांगण्यामागचं कारण आता तुमच्या ध्यानात येतं.

ऑगस्ट १९९१ मध्ये या वेबची माहिती जगासाठी खुली होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघते. भारतात १९८८ साली ठरलेल्या इस्की या संकेतप्रणालीवरून तिच्यात देवनागरीची मांडणी घेतली आहे. प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक मिळाला आहे. ‘क’चा क्रमांक ०९१५. वेबचं दार आणि त्यातून मराठीला आत नेणारी किल्ली एकाच वर्षी जगापुढे आली. ती किल्ली कुलपात फिरायला मात्र अजून बराच काळ जायचा आहे.

जिनिव्हा, १० ऑक्टोबर १९९४

त्याच आवारात चार वर्षं पुढे. मधल्या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचं तंत्र कुणालाही विनामोबदला वापरायला दिलं. आणि अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझेक ब्राउझर केला, ज्यात चित्र मजकुराच्या ओळीतच दिसू लागलं. लोंढेच्या लोंढे वेबवर आले, आणि आलेल्या प्रत्येकाला आपलं पान सुंदर हवं होतं.

आज हॉकॉन व्हिउम ली हा नॉर्वेजियन तरुण एक प्रस्ताव मांडतो आहे. पानाचा मजकूर एका जागी आणि त्याच्या रूपाचे नियम दुसऱ्या जागी ठेवायचे, अशी कल्पना. पुढे तिचं नाव सीएसएस पडेल. तुम्ही त्याच्या खांद्यावरून मसुदा वाचता आणि एका ओळीवर अडखळता. मथळा २४ पॉइंटचा असावा, असं लेखक सांगतो आणि त्यापुढे लिहितो, १०० टक्के. धाकट्या मथळ्याचा आकार सांगून पुढे लिहितो, ४० टक्के. म्हणजे या मागणीवर माझा आग्रह एवढाच. उरलेला वाटा वाचकाचा.

ही टक्केवारी पुढे गळून पडली. त्यामागचा विचार मात्र टिकला. पानाचं रूप ही लेखक, वाचक आणि यंत्र या तिघांमधली बोलणी आहेत. तुमच्या मेन्यूतली ती मोकळी जागा आठवते. तिथे तुम्ही वाचकाला काही विचारलं होतं का?

मुंबई, १९९६

मोडेमची किरकिर कानात घुमते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याला वर्ष उलटलंय. घरचा फोन अडकलेला आहे, आणि कुणी रिसीव्हर उचलला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने पन्नास केबीचं एक चित्र यायला पाऊण मिनिट लागतं. ते वरून खाली पट्टीपट्टीने उतरतं आणि घरातली माणसं ते दिसेपर्यंत श्वास रोखून बघत राहतात.

अमेरिकेत आता पानं सजवण्याची अहमहमिका लागली आहे. सीएसएसचं पहिलं प्रमाण यायला डिसेंबर उजाडेल, आणि ब्राउझरांना ते नीट उमजायला आणखी कितीतरी वर्षं. तोवर लोक वाट काढतात. आकडे मांडण्यासाठी असलेल्या तक्त्यात अख्खं पान बसवतात. अंतर हवं असेल तिथे एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र हवं तेवढं ताणून पाचर मारतात. आवडता फॉन्ट हवा म्हणून मथळाच चित्र करून टाकतात. ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू सोर्स’ दाबलं की दुसऱ्याने काय केलंय ते उघडं दिसतं. एक पिढी अशीच शिकली, एकमेकांच्या वह्या बघून. कोणतंही वेब डिझाइन कुलूपबंद नव्हतं, म्हणूनच ते इतक्या वेगाने पसरलं.

आता शेजारच्या टेबलाकडे वळा. तिथल्या कॉलेजच्या मुलाकडे विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्त खातं आहे, त्यात फक्त मजकूर दिसतो. लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये तो तेच सजलेलं पान उघडतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात: इमेज. इमेज. इमेज. इमेज. मथळा चित्र होता, मेन्यू चित्र होता. त्याच्या हाती काहीच लागत नाही. पेलोच्या टर्मिनलवर वेबचं पान सहज उघडायचं, सहाच वर्षांत ते या मुलाला मिटलेलं झालं आहे.

पुणे, २००१

प्लायवूडचे आडोसे, तासाचा दर लिहिलेली पाटी, घामट हेडफोन. तुम्ही सायबर कॅफेत आहात. पडद्यावर मराठी वर्तमानपत्राचं पान उघडता आणि समोर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची खिचडी. कोपऱ्यात सूचना आहे: आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या. कॅफेवाला म्हणतो, “साहेब, मशिनवर काही टाकायचं नाही.” तुमचं वर्तमानपत्र तुमच्यासमोर आहे, आणि वाचता येत नाही.

घरी फॉन्ट बसवला की तेच पान झळझळीत दिसतं. अक्षरं खरोखर सुंदर आहेत. छपाईच्या डीटीपीसाठी जाणत्या हातांनी ती घडवली आहेत. पण जरा आत डोकावा. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ खण, ते मुळात रोमन लिपीसाठी आखलेले. त्यांत अर्धी अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या जमेल तशा कोंबल्या आहेत. पडद्यावर ‘म’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते भलतंच रोमन अक्षर असतं. प्रत्येक फॉन्टची वाटणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात बरळल्यासारखा दिसतो. शोधयंत्राला तो सापडत नाही. दहा वर्षांनी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली, तर लेख कशावर होता तेही कळणार नाही. आपण मराठीचं चित्र जपलं आणि मराठी शब्द गमावले.

तरी कुलपात किल्ली फिरू लागली आहे. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला. तो घडवला मुंबईच्या र. कृ. जोशींनी. ते सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीत विद्यार्थी घडवणारे शिक्षक. कागदावर बोरू फिरवणाऱ्या या माणसाने संगणकाच्या अपुऱ्या पडद्यासाठी देवनागरी सिद्ध केली.

काम केवढं नाजूक होतं ते पाहायला तुम्ही ‘कि’ टंकता. फाइलमध्ये आधी क, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी उभी राहते. ‘र’ आणि ‘य’ जोडले की रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आणि मराठीचं खास देणं, तो आडवा ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. या फरकासाठी युनिकोडमधलं ०९३१ क्रमांकाचं अक्षर कामी येतं. फॉन्ट आणि संगणक या दोघांनाही ही समज असावी लागते. ती नसेल तर सह्याद्रीतल्या दऱ्यांना समुद्राचं पाणी लागतं.

व्हँकुव्हर, मे २००३

डेव्ह शे नावाच्या डिझायनरने एक पान वेबवर ठेवलं आहे, ‘सीएसएस झेन गार्डन’. तो जगाला सांगतो: या पानाच्या मजकुराला हात लावू नका, फक्त रूपाची फाइल बदला आणि मला पाठवा. तुम्ही एका लिंकवर टिचकी मारता. हिरवं, शांत, जपानी बागेसारखं पान. दुसऱ्या लिंकवर तेच पान एखाद्या जुन्या चित्रपटाच्या पोस्टरसारखं होतं. तिसरीवर समुद्राच्या तळाशी जातं. शब्द एकही हललेला नाही.

वारीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अभंग तोच, एक दिंडी एका चालीत म्हणते, दुसरी दुसऱ्या. चाल बदलली म्हणून शब्द तुटत नाहीत, उलट नव्याने ऐकू येतात. पुढे या बागेत दोनशेहून अधिक रूपं जमा झाली, आणि तक्त्यांत पानं कोंबणाऱ्या एका पिढीने पाचरी काढून टाकल्या. लीने १९९४ मध्ये मांडलेलं तत्त्व लोकांना इथे डोळ्यांनी दिसलं. प्रस्तावाने जे साधलं नव्हतं ते सौंदर्याने साधलं.

त्याच काळात दुसरीकडे फ्लॅश या हलत्या चित्रांच्या तंत्राचा उत्सव चालू आहे. पान उघडण्याआधी टक्के मोजणारी पट्टी, मग उडणारी अक्षरं, संगीत, पडदे. फार प्रतिभावान माणसांनी तिथे काम केलं आणि हलत्या चित्राची गोडी वेबला लावली. पण मजकूर त्या चित्रफितीत कोंडलेला राहिला. नजर नसलेल्या वाचकासाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या यंत्राला तिथे बहुतेक वेळा भिंत लागायची. चित्राआडच्या मजकुराचा हा प्रश्न फ्लॅशपुरता नव्हता. सिडनी ऑलिंपिकची साइट आपल्याला वाचता येत नाही, चित्रांना पर्यायी मजकूर नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने केली होती. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००० साली ती मान्य केली. २००७ मध्ये आयफोन आला तो फ्लॅशविना. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार कायमचा काढून घेण्यात आला आणि त्यात कोंडलेली असंख्य पानं निजली.

२५ मे २०१०

आता तुमच्या हातात पहिल्या पिढीचा आयफोन आहे. पडदा ३२० पिक्सेल रुंद. ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि ते आक्रसून दाखवतो. अक्षरं मुंगीएवढी. दोन बोटांनी ताणायचं, एक ओळ वाचायला डावीउजवीकडे सरकायचं. डिझायनर मंडळी हैराण आहेत. फोनसाठी वेगळी साइट करायची का? उद्या टॅब्लेटसाठी तिसरी?

आज ईथन मार्कॉट यांचा लेख प्रसिद्ध झाला आहे. इमारती माणसांच्या वावरानुसार आपलं रूप बदलू शकतात, हा वास्तुकलेतला विचार त्यांनी उचलला आणि त्याला नाव दिलं रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन. मापं पिक्सेलऐवजी टक्क्यांत लिहायची. ९६० पिक्सेलच्या पानातला ३०० पिक्सेलचा रकाना म्हणजे ३१.२५ टक्के. चित्रं आपल्या चौकटीपलीकडे जाऊ द्यायची नाहीत. आणि पडदा किती रुंद आहे हे पानानेच विचारून मांडणी बदलायची.

आजवर आपण वेबला सदरा शिवत होतो, ठरावीक मापाचा. नऊवारीला माप लागत नाही. तीच साडी आजीला बसते आणि नातीलाही, नेसण्यात काय तो फरक. मार्कॉट यांनी वेबला नेसायला शिकवलं. आणि गंमत अशी की १९९० मधलं ते उघडंवाघडं पान मुळातच असं होतं. रुंदीची सक्ती आपणच मागाहून केली होती.

मुंबई, २०१० नंतरची वर्षं

आयफोनमधल्या वहीवरचं चामडं आणि शिवण २०१३ मध्ये गेली, बटणं सपाट झाली, सावल्या पुसल्या. वर्षभरात मटेरियल डिझाइन नावाची नवी शैली आली आणि सावल्या वेगळ्या नियमांनी परतल्या. या लाटा पटापट मागे टाका. तुम्हाला पाहायचंय ते मुंबईत आहे.

वेबफॉन्ट आता ब्राउझर स्वतःच उतरवून घेतो; कॅफेवाल्याची परवानगी लागत नाही. ‘एक टाइप’ या मुंबईच्या चमूने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे फॉन्ट घडवून सर्वांना मोफत दिले. ‘मुक्त’ला सात वजनं आहेत, केसासारख्या बारीक अक्षरांपासून ठसठशीत जाडीपर्यंत. एखाद्या टेबलाशी उभं राहून अक्षर घडताना पाहा. इंग्रजी अक्षरं जमिनीवर एकेकटी उभी असतात. त्यांना सुटं केलं तर ती प्रशस्त वाटतात, मोठ्या लिपीतल्या मथळ्यांत ही रीत जुनीच आहे. आपली अक्षरं वरच्या रेषेला टांगलेली. त्यांच्यात जागा घातली की रेषाच तुटते, शब्द शब्द राहत नाही.

तुमची चूक इथे होती. प्रेरणा घेतली, ती कुठून उगवली हे पाहिलं नाही.

आणखी पाहून घ्या. आपल्या ओळीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असे दोन मजले जास्त असतात. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर इथे गुदमरतं. इंग्रजीत शब्दावर भर द्यायला अक्षर तिरकं करतात. देवनागरीत यंत्राने ओढून तिरकं केलेलं अक्षर ठेचकाळल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा जाड बरं. आणि पानाची भाषा मराठी आहे, असं ‘एमआर’ या दोन अक्षरांत संगणकाला सांगितलं, तर जाणता फॉन्ट हिंदी वळण सोडून आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ काढून देतो. तुमच्या पानावर भाषेच्या खणात अजून ‘ईएन’ आहे.

मार्च २०१७. फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांत एकाच महिन्यात सीएसएस ग्रिड येतं. १९९६ पासून तक्ते आणि पाचरींनी जे साधायची धडपड होती, ते पाच-सात ओळींत होतं. त्याच सुमारास स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोहोचतो आणि मराठी वाचणारे लाखो नवे हात वेबवर येतात. त्यांचे फोन छोटे, साठवण अपुरी. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल तशीही जड असते. वर पडदाभर चित्र टाकलं, की टेकडीआडच्या गावात पुन्हा १९९६ चं पाऊण मिनिट उगवतं.

कोथरूड, रात्रीचे दोन

पंख्याचा आवाज परत येतो. बाण आता पुढे जात नाही. तुम्ही आजमध्ये आहात.

तुम्ही फोन उचलता आणि सर्नचा जुना पत्ता टंकता. २०१३ मध्ये त्यांनी ते पहिलं पान मूळ जागी पुन्हा ठेवलं, १९९२ मधल्या प्रतीवरून. पान क्षणात उघडतं. तुमच्या पडद्याच्या रुंदीएवढं पसरतं, लिंक चालतात. ज्याने ते लिहिलं त्याने असा फोन स्वप्नातही पाहिला नव्हता. मग लॅपटॉपमधली जुनी फाइल उघडता, वडिलांनी २००१ मध्ये टंकलेला एक लेख. पडद्यावर कंस, टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरांची खिचडी. तो फॉन्ट आता घरातल्या कुठल्याच यंत्रावर नाही. पान जुनं, लेख त्याहून कितीतरी नवा. एकात शब्द होते, दुसऱ्यात शब्दांचं चित्र.

तुम्ही कामाला लागता. भाषेच्या खणात ‘एमआर’ लिहिता. मेन्यूतल्या अक्षरांमधली जागा शून्य करता. ओळींमधलं अंतर वाढवता. करडा रंग गडद करता. चित्र लहान करता आणि त्याला पर्यायी मजकूर देता: वाचनालयाची दगडी पायरी, दारात उभे वाचक. मग रूपाची अख्खी फाइल क्षणभर काढून टाकता आणि उघडं पान वाचता. नाव, वेळा, पत्ता, पुस्तकांची यादी, वर्गणी. पेलोच्या टर्मिनलवर बसलेल्याला, मुंबईच्या त्या विद्यार्थ्याला, कानांनी वाचणाऱ्याला, सगळ्यांना हे मिळेल.

रूप परत जागेवर ठेवता. ते सुंदर आहे, आजकालचंही आहे. उद्या फॅशन बदलेल तेव्हा ते बदलता येईल, खालचा एकही शब्द न हलवता.

वर डाव्या कोपऱ्यात ‘वाचनालय’ हा शब्द आता एका सलग रेषेखाली उभा आहे. तुम्ही कार्यवाहांना लिंक पाठवता.